पांढऱ्यावर पांढरं

३ नोव्हेंबर, सोमवार

सोमवार म्हणजे ठोकळा. अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यात धागे, बारीक कण, गोल गाठी मुद्दाम बसवलेल्या असतात. फोटोत त्या ठरल्याप्रमाणे दिसल्या की मॅमोग्राफीचं मशीन आठवडाभर वापरायला मोकळं. दिसल्या. मी सही केली, सोबतच्या नसरीननं केली. मग चहा.

दुपारी वरवट बकालहून शोभाताईंचा फोन. नणंदबाई एरवी फोन करतात तो भावाला, म्हणजे सुनीलला. आज मला, आणि तोही ड्यूटीच्या वेळेला. आवाज दबका. "वर्षा, कोणाले सांगू नको. डाव्या बाजूले दुखून राह्यलं. दिवाळीच्या आंधीपासून."

गाठ लागते का विचारलं.

"मी हातच नाही लावत वं. भेव लागते."

त्यांच्या नवऱ्याला, भाऊजींनाही, माहीत नाही. कापूस वेचणीला आलाय, घरात बायांची ये-जा, बोलायला आडोसा नाही. गुरुवारी खामगावला या म्हटलं, हॉस्पिटलमध्ये आपलीच माणसं आहेत. हो म्हणाल्या. येतील की नाही कोण जाणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आल्या. शेगाववरून एसटीनं. हातात पिशवी, पिशवीत तुरीच्या शेंगा. दवाखान्यात जाताना शेंगा कोण आणतं! आमच्या रेडिओलॉजिस्ट बोरकर मॅडमनी तपासलं. हाताला काही लागत नाही म्हणाल्या, पण बावन्न वय आहे, कधीच काढलेला नाही, फोटो काढून घेऊ.

मशीन पाहिलं आणि ताई दारातच अडल्या. "याच्यात दाबतेत?" मी नेहमीचं सगळं बोलले. थोडा वेळ दाबतो, दाबलं की आतलं पसरतं, नीट दिसतं, किरणंही कमी लागतात. रोज बोलते तेच. ताई ऐकत होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या.

"तू काढला काय कधी?"

नाही म्हटलं.

"अवं मंग मले काऊन ढकलतेस आंधी? पह्यले तू काढ. मी तुह्या तोंडाकडे पाहतो. मंग मी."

नसरीन हसली. मॅडम दारातच होत्या, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर बोलतायत त्या. वर्षा, तू बेचाळीसची ना? पाळी कधी झाली?" मागच्याच आठवड्यात. म्हणजे वेळही योग्य. मॅडमनी तिथेच कागदावर माझं नाव लिहिलं.

इतकी वर्षं त्या दाबायच्या पट्टीच्या अलीकडे उभी राहिले. आज पलीकडे. नसरीन माझ्याच हाताखाली शिकलेली, माझीच वाक्यं मला ऐकवत होती. "खांदा सैल सोडा बाजी. श्वास धरा." दुखलं. बायका सांगतात त्यापेक्षा कमी, मी सांगते त्यापेक्षा जास्त. ताईंकडे बघून हसत राहिले.

दोन वरून, दोन तिरके. कपडे घालून मॉनिटरपाशी आले तर वाटलं नसरीनचं काहीतरी सेटिंग चुकलं. चुकलं नव्हतं. माझा फोटो पांढरा होता. धुक्यात गाडीचा दिवा लावावा तसा. कडेला थोडी काळी पट्टी, बाकी सगळं पांढरं.

मग ताई. एवढा सुरेख फोटो महिनोन् महिने बघितला नाही. चरबी काळी, त्यात रेषा एकेक मोजाव्यात अशा. पन्नाशीनंतर बहुतेकींचा असा होत जातो. किरणंही कमी लागली. खाली डोसचा आकडा येतो, माझा ताईंपेक्षा बराच वर. मशीनला माझ्यातून पलीकडे पोचायला जोर लावावा लागला.

ताई बाहेर येऊन म्हणाल्या, "एवढंच? उगीच भेलो."

नसरीननं माझा फोटो मोठा करून पाहिला, मग पुन्हा लहान केला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ताईंचा रिपोर्ट स्वच्छ. वेचणीत खांद्यावर ओझं येतं, छातीचा स्नायू धरलाय, एवढंच. ताईंनी मॅडमना शेंगा द्यायला काढल्या. मॅडमनी घेतल्या.

मला नंतर बोलावलं. रिपोर्टिंगच्या खोलीत दिवा बंद असतो, फक्त पडदे. मॅडमनी माझा डावा फोटो लावला होता.

"घनता ड," म्हणाल्या. अ, ब, क, ड असे चार प्रकार. ड म्हणजे सगळ्यात दाट. मला माहीत होतं, तरी त्यांनी सावकाश सांगितलं. दाट भागही पांढरा, गाठही पांढरी. मग वरच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं. "इथे रेषा आत ओढल्यासारख्या वाटतात. वाटतात म्हणतेय. एकावर एक पडूनही असं दिसतं. उद्या तेवढ्याच जागेवर दाबून अजून एक काढू."

मी म्हटलं, मला तिथे काही दिसत नाही.

"मलाही नक्की दिसत नाही. तोच तर प्रश्न आहे."

ताई आजही आमच्याच घरी थांबल्या. पिठलं केलं त्यांनी, आमच्या लेकीला, मुक्ताला, बोलून बोलून हसवलं. किती दिवसांनी हलक्या झाल्यात. त्यांच्यासमोर सांगवेना. सुनीलला अंगणात सांगितलं. तो स्कूटरचा प्लग साफ करत होता. ऐकून पुसतच राहिला. एसटी डेपोत दिवसभर तेच करतो, घरी येऊनही.

"पण फोटो तं तायीचा काढाचा होता."

हो.

"मंग तुहा कसा निंगाला?"

८ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा काढला. छोटी पट्टी, तेवढीच जागा. नसरीन घाबरत दाबत होती. मीच म्हटलं, दाब अजून. "दुखेल बाजी." दुखू दे, कमी दाबलं तर धूसर येईल, मग तिसऱ्यांदा काढावा लागेल, म्हणजे अजून किरणं. तिनं दाबलं. डोळ्यांत पाणी आलं, तिच्या.

त्या रेषा पसरल्या नाहीत. एकावर एक पडून दिसत असेल तर दाबल्यावर विरतं. हे विरलं नाही, आणि नीट दिसतही नाही. मॅडम म्हणाल्या सोमवारी सोनोग्राफी. दाट असलं की सोनोग्राफीचा उपयोग होतो, तिच्यात पांढऱ्यावर गाठ काळी दिसते. किरणं नाहीत त्यात. हे त्यांनी सुनीलसाठी सांगितलं. तो दाराबाहेरच्या बाकावर ऐकत होता.

घरी आल्यावर त्याचं सुरू. "परवाच काढला, आज पुन्हा. कितीदा भाजशीन सोताले?"

सांगितलं सगळं. दाट असलं की मशीन आपोआप जास्त सोडतं, तरी ते थोडंच असतं, ठरलेल्या मर्यादेच्या खूप आत. नाही काढलं तर जे कळणार नाही ते जास्त वाईट. तो ऐकून घेतो आणि पुन्हा तिथेच येतो.

"तू रोज त्या खोलीत राह्यतेस. त्याच्यानंच झालं असन."

माझा बिल्ला दाखवला. छातीवर लावतो, किरणं किती लागली ते त्यात मोजतात, दर तिमाहीला तपासून येतो. आजवर कधी जास्त आला नाही. काचेच्या मागे उभी असते मी. आणि अजून काही झालेलंच नाही, झालं म्हणून कशाला बोलता?

बोलले मोठ्यानं. नंतर तो बिल्ला हातात घेऊन बसले होते बराच वेळ.

ताई आतून ऐकत होत्या. सगळं कळलं त्यांना.

९ नोव्हेंबर, रविवार

ताई सकाळच्या गाडीनं गेल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. स्टँडवर म्हणाल्या, "माह्या पायी झालं. म्या तुले त्याच्यात घातलं." मी म्हटलं, ताई, तुम्ही घातलं म्हणून कळतंय तरी. नाहीतर मी कधी काढणार होते! त्यांना ते पटलं नाही. गाडी सुटेपर्यंत माझा हात धरून होत्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

ठोकळा नसरीननं एकटीनं केला. मी शेजारच्या खोलीत टेबलावर पडलेली. जेल थंडगार.

बोरकर मॅडम सोनोग्राफी करताना बोलत असतात. पेशंटला विचारतात, पोरं काय करतात, यंदा कापूस कसा. आज माझ्याशी बोलत होत्या, मुक्ताची बारावी, क्लास कुठला. आणि मग थांबल्या. हात पुढे गेला, मागे आला, पुन्हा तिथेच. बटणांचा टक टक आवाज. तो मला ओळखीचा आहे. माप घेताना येतो.

"आहे," म्हणाल्या. "लहान आहे. कडा मला आवडत नाहीत."

पडदा माझ्याकडे वळवला. काळा ठिपका, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान. इतके दिवस पांढऱ्यात बसून होता. हातानं अजूनही लागत नाही. मॅडमनी माझंच बोट तिथे ठेवून पाहिलं.

सुईनं तुकडा काढायचा. बुधवारी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सुईचा 'खट्' आवाज आधी ऐकवतात, दचकू नये म्हणून. तरी दचकले. तुकडे घेतले, आत एक अगदी बारीक धातूची खूण सोडली, पुढे जागा सापडावी म्हणून. आठवडाभरात रिपोर्ट.

सुनील रजा टाकून आला होता. परत येताना स्कूटर इतकी हळू चालवत होता की सायकलवाले पुढे जात होते.

मुक्ताला सांगितलं नाही. खांदा अवघडलाय म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कामावर गेले. संग्रामपूरच्या एक शिक्षिका आल्या होत्या, वय माझ्याएवढंच. फोटो आला तर माझ्यासारखाच, पांढरा. मॅडमचा रिपोर्ट: संशयास्पद काही दिसत नाही, घनता जास्त असल्यामुळे सोनोग्राफी करावी. बाईंनी पहिलं वाक्य वाचलं, कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "चला, सुटले!"

मी त्यांना दारातून परत बोलावलं. दुसरं वाक्य वाचायला लावलं. चेहरा उतरला त्यांचा. "म्हणजे आहे का काही?" नाही, म्हणजे आम्हाला दिसलं नाही. "हो तेच ना. नाही." मी म्हटलं, नाही आणि दिसलं नाही, यात फरक असतो. रागावल्या. घाबरवता तुम्ही लोक म्हणाल्या. पण सोनोग्राफीला बसल्या. काही निघालं नाही. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

चालेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

मुक्ताला कळलं. न्हाणीतून येताना टॉवेल सरकला, पट्टी दिसली, भोवती काळंनिळं झालेलं. मोबाइल घेऊन खोलीत गेली. तासाभरानं बाहेर आली ती सगळं वाचून. "बायोप्सी केली ना? आणि मी इथे सेंद्रिय रसायन पाठ करत बसलेय."

रडली नाही. भांडली. मी लहान आहे का, बाबांना माहीत, आत्याला माहीत, नसरीन मावशीला माहीत. सुनील म्हणाला, "अभ्यास बिघडला असता तुहा." ती म्हणाली, "आता नाही का बिघडणार?"

संध्याकाळी माझ्याशेजारी पुस्तक घेऊन बसली. पान उलटलं नाही एकही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रिपोर्ट आला.

मॅडमनी फोनवर सांगितलं नाही, या म्हणाल्या. तिथेच कळलं की सरळ नाही. पायऱ्या चढताना सुनील पुढे, मी मागे. एरवी उलटं असतं.

कॅन्सर नाही.

सुनील खुर्चीत मागे टेकला, मोठ्यानं श्वास सोडला. मी मॅडमकडे बघत होते. त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

पेशी कॅन्सरच्या नाहीत, पण नेहमीसारख्याही नाहीत. मधल्या. सुई फक्त काही तुकडे आणते; आजूबाजूला काय आहे ते सुईला माहीत नसतं. आणि माझ्या बाबतीत फोटोही ते सांगू शकत नाही. म्हणून ती सगळी जागा काढून तपासायची. अकोल्याला सर्जन आहेत. दुसरा मार्ग, सहा महिने थांबून पुन्हा बघणं. त्यांचा कल पहिल्याकडे.

सुनील: "कॅन्सर नाही म्हणता ना? मंग कापाचं काऊन?"

मॅडमनी पुन्हा समजावलं. तो मान हलवत होता, पटलं म्हणून नाही.

मी विचारलं, मॅडम, तुमचं असतं तर?

"माझं असतं तर आधी घाबरले असते, तुझ्यासारखीच. मग काढलं असतं."

२३ नोव्हेंबर, रविवार

भाऊजींचा फोन, सुनीलला. स्पीकरवर होता. ताईंनी त्यांना आता सांगितलंय. "चाकू लावू नका म्हणा. लागला की पसरते. आमच्याकडे एक जण पाला देते, गाठी विरतेत." सुनील हो हो करत राहिला. म्हणजे त्याच्याही मनात आहे.

फोन ठेवल्यावर भांडण. मोठं. मी म्हटलं, मी रोज बघते पाला लावून आलेल्या बाया, त्या कशा येतात ते तुम्ही नाही पाहिलं. तो म्हणाला, तू रोज तेच पाहतेस म्हणून तुले सगळीकडे तेच दिसते. हे मात्र लागलं. कारण थोडं खरं आहे.

नंतर त्यानं चहा केला, जास्त साखरेचा. समोर ठेवला. म्हणाला, "गाडीतून आवाज येते म्हून आम्ही इंजन उघडतो. दर टायमाले बिघाड निंगतेच असं नाही. पण आवाज ऐकून गाडी रूटवर सोडत नाही."

मग?

"मंग काय. जाऊ अकोल्याले."

त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज एका आजींचा फोटो काढताना माझाच हात पट्टीच्या बटणावर अडला. नुसता उभा राहिला. नसरीननं मागून येऊन पुढचं केलं, जसं काही ठरलेलंच होतं. आजी म्हणाल्या, "ह्या बाईले बरं नाही काय?" नसरीन म्हणाली, थकल्यात. संध्याकाळी तिनं मॅडमना सांगितलं असणार. उद्यापासून मी कागदपत्रांच्या टेबलावर. राग आला, आणि बरंही वाटलं.

नसरीनची अम्मी माझ्यासाठी दुआ करतेय म्हणे. कोणी सांगितलं अम्मीला? "मी नाही तर कोण, बाजी."

२ डिसेंबर, मंगळवार

तारीख मिळाली. पुढचा मंगळवार.

ताईंना कळवलं. "मी येतो." वेचणी अर्धी राहिलीय, भाऊजी सोडतील का विचारलं. मागून भाऊजींचा आवाज येत होता, कापसाचं काय म्हणून. ताईंनी फोन बाजूला न धरताच उत्तर दिलं. "बाया वेचतीन. नाहीतर तुम्ही वेचा. कापूस कोठी पयून जात नाही." असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

६ डिसेंबर, शनिवार

पांढऱ्या साड्या, विहारात सगळे. सुनील पहाटेपासून डेपोत, मुंबईच्या जादा गाड्या आज परत निघणार म्हणून. वंदनेत माझा आवाज नीट निघाला. इतके दिवस घरी म्हणताना मध्येच तुटायचा.

बायांना कळलेलं आहे. कोणी विचारत नाही, सगळ्या बघतात. एक जण जवळ येऊन म्हणाली, तुमच्याच मशीनमध्ये निघालं ना? जणू मशीननं ठेवलं होतं तिथे.

परत येताना मुक्तानं विचारलं, "आई, माझंही तुझ्यासारखंच पांढरं असेल का?"

तुझ्या वयात सगळ्यांचं दाटच असतं, म्हटलं. पुढे कोणाचं उतरतं, कोणाचं राहतं. हात लावून, बघून कळत नाही. फोटो काढला की कळतं.

"आणि दाट असणाऱ्यांना धोका पण जास्त असतो ना? मी वाचलं."

थोडा. हो.

ती पुढे चालत गेली. मग थांबली, माझ्यासाठी. रस्ता ओलांडताना माझा हात धरला. लहानपणी मी तिचा धरायचे तसा, मनगटाला.

९ डिसेंबर, मंगळवार, अकोला

सकाळी आधी तार घालतात. सोनोग्राफीवर बघत त्या खुणेपर्यंत बारीक तार, म्हणजे सर्जनला जागा शोधावी लागत नाही. मग तार बरोबर बसली का, त्याचा एक फोटो. इथल्या टेक्निशियन मुलीला माझं काम माहीत नव्हतं. ती मला समजावत होती, घाबरू नका मावशी, हे थोडं दाबेल. मी मान डोलावली. सांगितलं नाही तिला. एकदा तरी नुसतं पेशंट असू दे.

बाहेर सुनील, ताई, मुक्ता. मुक्तानं क्लास बुडवला. ताईंनी माझी चप्पल हातात धरून ठेवली होती, कोणी नेईल म्हणून.

पुढचं आठवत नाही. जागी झाले तेव्हा सर्जन सांगत होते, काढलेल्या तुकड्याचाही एक्स-रे काढला, खूण आणि तार दोन्ही तुकड्यात आहेत. म्हणजे जे काढायचं तेच निघालं. ताई विचारत होत्या, "मांसाचा बी फोटो काढतेत?" डॉक्टर हो म्हणाले. ताईंनी कपाळाला हात लावला.

मी विचारलं, त्या फोटोत गाठ दिसली का?

सर्जन म्हणाले, "खूण दिसली. बाकी पांढरंच होतं."

११ डिसेंबर, गुरुवार

घरी. डावा हात वर जात नाही, वेणी ताई घालतात. घट्ट घालतात, कपाळ ओढलं जातं. सांगवत नाही. लिहायला उजवा आहे म्हणून बरं.

सुनील सकाळ-संध्याकाळ विचारतो, दुखते का. नाही म्हटलं तर विश्वास नाही, हो म्हटलं तर तोंड उतरतं. शेवटी म्हटलं, जेवढं दुखायचं तेवढंच. त्यावर समाधान दिसलं.

१३ डिसेंबर, शनिवार

ताई दिवसभर पदर खोचून कामात. दुपारी भाजी निवडताना अचानक म्हणाल्या, "माह्यी माय अशीच गेली, माहीत हाय तुले?" सासूबाई लग्नाआधीच गेल्या होत्या, पोटाचं काहीतरी असंच ऐकलं होतं मी. "पोटाचं नाही. छातीचं. घरात कोणी नाव नाही काढलं. सुनील ल्हान होता, त्याले पोटाचंच सांगतलं."

म्हणून ताई हात लावत नव्हत्या. म्हणून दाराशी अडल्या.

सुनीलला हे माहीत नाही. मुक्ताची आजी. म्हणजे तिला धोका नुसता माझ्याकडून नाही, त्या बाजूनंही. ताईंना म्हटलं, हे मॅडमना सांगावं लागेल, आणि सुनीललाही. "सांगजो. माह्यानं होत नाही."

संध्याकाळी सांगितलं त्याला, ताईंच्या समोरच. तो ताईंकडे बघत राहिला. मग उठून त्यांच्या पायाशी खाली बसला, एवढा मोठा माणूस. ताई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. मी आणि मुक्ता स्वयंपाकघरात गेलो.

१८ डिसेंबर, गुरुवार

टाके तपासायला आपल्याच हॉस्पिटलला. मॅडमनी आम्हा दोघांना आत घेतलं, दार लावलं.

अकोल्याचा रिपोर्ट अर्धा आलाय. बहुतेक भाग तसाच, मधला. एका कडेला थोड्या पेशी अशा आहेत की त्यांना नुसतं 'मधल्या' म्हणायचं की पुढचं नाव द्यायचं, यावर तिथल्या डॉक्टरांचं मत ठरेना. पेशींच्या काचा नागपूरला पाठवल्यात, दुसऱ्या नजरेसाठी. आठ-दहा दिवस. पुढचं नाव निघालं तरी अगदी सुरुवातीचं असेल, मॅडम म्हणाल्या. मग पुन्हा थोडं काढणं, कदाचित किरणांचा शेक. नाही निघालं तर नुसती नजर ठेवायची, दर वर्षी फोटो आणि सोनोग्राफी दोन्ही.

सुनीलनं विचारलं, "म्हंजे अजून कोणालेच माहीत नाही?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "अजून नाही."

तो गाडी काढायला गेला. मी आपल्या खोलीकडे वळले, नसरीनला भेटायला. बाहेरच्या बाकावर ताई! सकाळी वरवटला जाते म्हणून निघालेल्या. मला वाटलं घरी पोचल्या असतील. शेगावलाच शेजारणीला फोन करून बोलावून घेतलं, आणि उलट्या पावली परत. शेजारीण बाकावर बसलेली, डोक्यावरून पदर, पंचेचाळीसची असेल. वेचणीचा शेवटचा दिवस सोडून आलेली.

ताई म्हणाल्या, "हे मंजुळा. हिची बी माय तशीच गेली. म्या म्हटलं, चाल."

मंजुळाबाई माझ्याकडे निरखून बघत होत्या. नसरीननं आतून नाव पुकारलं. त्या उठल्या नाहीत. मला विचारलं, "त्याच्यात सगळं दिसते ना बाई?"

ताई माझ्याकडे. नसरीन दारात.

मी म्हटलं, कोणाचं दिसते, कोणाचं नाही. नाही दिसलं तर दुसऱ्या मशीनवर पाहू.

"अन् त्याच्यातबी नाही समजलं तं?"

मग थांबावं लागते, म्हटलं. मी थांबलीच आहे.

त्या पदर सावरून उठल्या, पिशवी ताईंकडे दिली आणि आत गेल्या. नसरीननं दार लावलं. वरचा लाल दिवा लागला.

मी आणि ताई बाकावर.